पंच्याखालचा भाव

तीस जूनला करार संपला
आणि एक जुलैला, सकाळी नऊच्या आत,
उदगीरच्या आमच्या गल्लीत
पांढरी इनोव्हा शिरता शिरेना.
नालीवरची फरशी सरकवून वाट केली
तेव्हा कुठं पुण्याचा संघ दारात आला.

आई म्हणाली, कुणाला बघाय येऊलालेत?
मी म्हणालो, मला.
ती काही न बोलता आत गेली,
चुरमुरे भिजवले, सुशीला केली, वर शेव.
सहा फूट सात इंचांचा वर
पलंगावर गुडघे छातीशी घेऊन बसला;
खुर्च्या पाहुण्यांना दिल्या होत्या.

त्यांनी लॅपटॉप उघडला.
त्यात मीच. उडणारा मी, रिबाउंड ओढणारा मी,
मागं ढोल,
आणि शेवटी जांभळ्या जर्सीतला मी,
जी मी कधी अंगात घातलीच नव्हती.
खरी जर्सीही आणली होती, कोरी, घडीची.
पाठीवर नाव: बिराजदार.
आम्ही बिरादार.
कुणीच काही बोललं नाही.
आई आता तिनं शिलाई मशीन झाकते.

दुपारी हैदराबादवाले.
बिर्याणीचं पातेलं घेऊन आले होते,
अप्पांच्या कपाळावरची विभूती बघून
त्यांच्या मॅनेजरनं ते गाडीतच राहू दिलं.
ड्रायव्हर पोटभर जेवला.
त्यांनी फ्लॅट दाखवला, लिफ्ट दाखवली,
मग एका पलंगाचा फोटो.
आठ फुटी.
खरं सांगतो, तिथं मी डगमगलो.
वयाच्या चौदाव्या वर्षापासून
माझे पाय रात्री हवेत असतात.

गुडघ्याचं कुणी विचारलं नाही.
बघत मात्र सगळे तिकडंच होते.

अप्पा उंबऱ्याशी बसलेले.
चाळीस वर्षं मोंढ्यात तोलाई केलेला माणूस,
तुरीचा, उडदाचा भाव
पंच्याखाली बोटं दाबून ठरायचा
त्या काळातला.
प्रत्येकाला त्यांनी एकच विचारलं:
पोतं फुटलं तर सांडलेलं कुणाचं?
पुणेकर हसले.
हैदराबादच्यानं वहीत लिहून घेतलं.

दिवेलागणीला एसटीनं एकटाच आला
इंदूरचा कोच देवळे, हातात कापडी पिशवी.
खाली फरशीवर बसला, म्हणाला, दाबू का?
आणि अंगठा नेमका तिथं टेकवला
जिथं मी डॉक्टरलाही खोटं सांगतो.
अप्पांनी विचारलं तेच.
तो म्हणाला, सांडलेलं आमचं.
पण पैसे निम्मेच आहेत, अप्पा.
मग तो भाकरी जेवला, दोन वेळा ठेचा मागितला
आणि शेवटच्या गाडीनं गेला.

आठ दिवस फोन.
पुण्याचा मालक, मालकाचा जावई,
एकदा चक्क मालकाचा गुरुजी.
नवव्या दिवशी त्यांनी भटिंड्याचा पोरगा घेतला,
बावीस वर्षांचा, गुडघे कोरे.
त्यानंतर पुण्याचा फोन
लागायचा, पण उचलला जायचा नाही.
दहाव्या दिवशी हैदराबादनं आकडा खाली आणला,
पलंग तसाच ठेवला.

मी सही केली.
लोकांना सांगतो, पलंगासाठी.
आकडा तरीही इंदूरपेक्षा मोठा होता,
हे सांगत नाही.
देवळेंचा एकच निरोप आला: रोज शेक दे.

स्टेशनावर अप्पा सोडायला आले.
गाडी यायच्या आधी त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला,
माझ्या हातावर टाकला
आणि खाली माझी बोटं धरली.
दोन दाबली. मग अख्खा पंजा.
मग अंगठ्याचं पेर, जरा जास्त वेळ.
तोंडानं काही नाही. बाजूला चहावाला ओरडत होता.

ती भाषा मला येत नाही.
मी शिकलो नाही, त्यांनी शिकवली नाही,
आणि मोंढ्यात आता काटाही इलेक्ट्रॉनिक आहे.

रात्री इथं पाय लांब करतो.
पुरतात, वर टाचभर जागा उरते.
मग चादरीखाली आपलाच हात धरून
दोन दाबतो, मग पंजा,
मग अंगठ्याचं पेर,
आणि आकडा लागत नाही.